उजव्या किडनीवर मतदान

सभा चारची, आणि साडेतीनलाच प्रार्थनागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं, दारात माणसं, गीतांच्या पुस्तकांच्या कपाटाला रेलून माणसं. एरवी या छोट्या बाप्तिस्ट मंडळीत रविवारी चाळीस डोकी जमली, तरी पाळकसाहेब खुशीत येऊन एक गीत जास्त म्हणायला लावत. आज दोनशे जण घाम पुसत बसले होते, कारण आज प्रेषित आले होते.

प्रेषित व्यासपीठावर उभे होते, म्हणजे बाप्तिस्म्याच्या हौदावर टाकलेल्या फळ्यांवर. पांढरा सूट, पांढरे बूट आणि हातात स्वतःचा मायक्रोफोन. मंडळीचा मायक्रोफोन त्यांना चालत नसे. त्यातून म्हणे सामर्थ्य नीट उतरत नाही.

"मला दिसतंय!" ते डोळे घट्ट मिटून ओरडले. डोळे मिटल्याशिवाय त्यांना काही दिसत नसे. "मला एक गुडघा दिसतोय! डावा गुडघा! लाकडाचं काम करणारा माणूस आहे! लाजू नका, वरून निरोप आलाय!"

सुतारकाका गोंधळून उभे राहिले. त्यांनी एकदा उजव्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा डाव्याकडे पाहिलं, आणि दोनशे माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर निमूटपणे डावा हलवून दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग एका चाकाच्या खुर्चीवरून एक म्हातारी पुढे ढकलत आणली गेली. "ऊठ!" प्रेषित गरजले. म्हातारी उठली. "चाल!" म्हातारी चालली. नुसती चालली नाही, व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढून वर गेली आणि तिथे उभी राहून रडू लागली. मागे बसलेल्या बायकाही पदर डोळ्यांना लावून रडू लागल्या.

सगळ्यांत मागे, सामानाच्या खोलीच्या दारात, नर्सबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. त्या खुर्चीकडे बघत होत्या, कारण ती त्यांचीच होती.

म्हणजे मंडळीची. पण मंडळीत चाकाची खुर्ची, काठी किंवा वॉकर हे शब्द निघाले की माणसं नर्सबाईंकडेच बघत. तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही सामानाची खोली उभी केली होती. कुणाचा पाय मोडला, कुणाची आई अंथरुणाला खिळली, की लागेल ते घेऊन जा, काम झालं की धुऊन परत आणा, एवढाच नियम. ज्याला गरज त्याला सामान मिळे, मग तो कुठल्या देवाला मानतो की कुठल्याच मानत नाही, हे कुणी विचारत नसे. दर मंगळवारी दुपारी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी सूप आणि पाव असे, आणि त्याच टेबलाच्या टोकाला नर्सबाई रक्तदाब आणि साखर तपासत बसत. पाळकांच्या प्रवचनापेक्षा त्या टेबलापाशी जास्त माणसं सुधारली असतील, असं सुतारकाका म्हणत. अर्थात पाळक जवळ नसताना.

प्रेषितांना बोलवायचं का, यावर तीन आठवड्यांपूर्वी सभासदांची सभा झाली होती. या मंडळीत काहीही ठरवायचं तर मतदान. भिंतीला रंग कोणता, सुपात गाजर घालायचं का, पाळकांना सुट्टी कधी, सगळ्यावर हात वर. प्रेषितांच्या बाजूने सव्वीस हात वर झाले, विरुद्ध दोन. त्यातला एक नर्सबाईंचा आणि दुसरा सुतारकाकांचा, पण सुतारकाका प्रत्येक ठरावाला विरोधच करत, त्यामुळे ते मत कुणी मनावर घेत नसे. ठराव मंजूर झाला की तो सगळ्यांचा, हाही नियमच. म्हणून प्रेषितांच्या निळ्या कोटवाल्या माणसांनी चार खुर्च्या मागितल्या तेव्हा नर्सबाईंनी मुकाट्याने दिल्या होत्या.

"आता मला साखर दिसतेय!" प्रेषितांचा आवाज चढला. "अठरा वर्षांचा आजार! एक बहीण, तिची बहीणही इथेच आहे! सकाळ-संध्याकाळ सुई! ऊठ बहिणी!"

पुढच्या रांगेतून उठलेल्या बाईंना पाहून नर्सबाईंच्या हाताची घडी सुटली. ती त्यांची ताई होती.

"आजपासून सुई बंद!" प्रेषितांनी हवेतच काहीतरी तोडून फेकलं. "गोळी बंद! आणि तपासणीही बंद! तपासणं म्हणजे संशय, आणि संशय घेतलात की आजार पावलं न वाजवता परत येतो!"

ताई वळली. तिचा चेहरा असा उजळला होता, की मागून ओरडायला निघालेल्या नर्सबाई दारातच थांबल्या.

*

सोमवारी दुपारपर्यंत ताईने पाण्याचे तीन तांबे रिकामे केले होते.

"तहान लागतेय ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"उकडतंय."

"रात्री चारदा उठलीस."

"मोजत बसली होतीस का?"

"मला सवयच आहे. ताई, एकदा बोट दे. नुसतं टोचते. साखर नसेल तर मशीन तसं सांगेल."

"तेच तर नको. संशय घ्यायचा नाही, असं सांगितलंय त्यांनी." ताईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "तू सगळ्यांना बरं करत फिरतेस, आणि एकदा दुसऱ्या कुणी केलं तर तुझ्या पोटात दुखतं."

हे मात्र नर्सबाईंना लागलं. ही दोन खोल्यांत त्यांच्याबरोबर राहणारी, नवरा गेल्यावर पेटी उचलून आलेली मोठी बहीण. लहानपणी हिनेच त्यांची वेणी घातली होती, आणि नर्सिंगला जाऊ देणार नाही म्हणणाऱ्या वडिलांशी हीच भांडली होती. नर्सबाईंनी चौथा तांब्या भरून ठेवला. गोळी असती तर सुपातून घातली असती, सुई कशातून घालणार?

त्यांनी ताईच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, पाणी पाजत राहा, उलटी झाली किंवा गुंगी आली तर एक मिनिट थांबू नका, उचलून आणा. बाकी शहाण्या माणसाला जबरदस्तीने सुई टोचता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. बुधवारी चारला प्रेषितांची दुसरी सभा होती. तोवर ही बधली नाही, तर चाकाच्या खुर्चीला बांधून इस्पितळात नेईन, असं नर्सबाईंनी मनाशी ठरवलं.

त्या संध्याकाळी नेहमीची प्रार्थनासभा होती. ताई पडून राहिली. नर्सबाई गेल्या, आणि दारातच त्यांना सुतारकाका लंगडत येताना दिसले.

"काय काका? कालच बरे झालात ना?"

"डावा झाला हो. पण दुखतो उजवा!" सुतारकाका बाकावर टेकले. "डावा मुळात ठणठणीतच होता. मी म्हटलं, देवाचं गणित आपल्याला काय कळणार. पुढेमागे डावाही दुखणार असेल, तर आधीच करून टाकला असेल बरा."

नर्सबाई हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. त्या उठून गीतांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी गेल्या. तिथे नेहमीप्रमाणे प्रार्थनायादीच्या प्रती ठेवलेल्या होत्या.

ही यादी म्हणजे या मंडळीचा जीव. सोमवारी प्रत्येकाने उभं राहून आपलं दुखणंखुपणं सांगायचं, निवृत्त मास्तरांनी ते लिहून घ्यायचं आणि सुवाच्य अक्षरात यादी करून, प्रती काढून कपाटावर ठेवायची. जो येईल त्याने एक प्रत घडी घालून खिशात टाकायची आणि आठवडाभर नावं घेऊन प्रार्थना करायची. मास्तर काटेकोर माणूस. नुसता 'आजारी' असा शब्द त्यांना चालत नसे. कोण, काय करतो, कुठला अवयव, कुठली बाजू, किती वर्षं, सगळं सविस्तर. प्रेमापोटी या माणसांनी एकमेकांची आतडी-कातडी तीस वर्षं दारात टांगून ठेवली होती, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

नर्सबाईंनी मागच्या आठवड्याची प्रत उघडली. चौथी ओळ: 'आपले सुतार. डावा गुडघा.'

मास्तर चुकले होते. तीस वर्षांत एकदा चुकले होते, आणि नेमकी तीच चूक स्वर्गातूनही उतरली होती. खाली अकरावी ओळ: 'नर्सबाईंच्या भगिनी. मधुमेह, अठरा वर्षे, दिवसातून दोन सुया.'

सभा सुरू झाली. कुणी दुखरा कान सांगितला, कुणी पाठ, कुणी सुनेचं बाळंतपण. शेवटी नर्सबाई उभ्या राहिल्या. त्या स्वतःसाठी कधीच काही मागत नसत, त्यामुळे मास्तरांनी चष्मा सारखा केला.

"माझ्या उजव्या किडनीसाठी प्रार्थना करा," नर्सबाई गंभीरपणे म्हणाल्या. "ती जिथे आहे तिथे सुखात राहू दे."

यात एक शब्दही खोटा नव्हता. प्रार्थनासभेत खोटं बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

*

मंगळवारी सूप ढवळता ढवळता त्यांनी दुसरं एक काम उरकलं. रविवारी खुर्चीतून उठून चाललेली म्हातारी म्हणजे कपडे धुण्याचं काम करून निवृत्त झालेली धोबीणमावशी. ती दर मंगळवारी सुपाचं पातेलं चुलीवरून टेबलावर उचलून आणत असे, आणि आजही तिने ते आणलं.

"मावशी, तुम्हाला चालता येत नव्हतं?"

"कुणी सांगितलं?"

"मग रविवारी खुर्चीत कशा?"

"अगं, उभी होते ना दारात. तो निळा कोटवाला म्हणाला, आजी, दमलात, बसा. इतक्या प्रेमानं म्हणाला, बसले. मग ढकलत पुढे नेलं. मग ते वरचे म्हणाले ऊठ, तर उठले. बसून राहणं बरं दिसलं असतं का?"

"आणि रडलात कशाला?"

"सगळेच रडत होते," धोबीणमावशी म्हणाली आणि पाव कापायला लागली.

*

बुधवारी गर्दी आणखी वाढली होती. ताई साक्ष द्यायला आली होती, पहिल्या रांगेत, मांडीवर पाण्याची बाटली. तिचे ओठ सुकले होते आणि डोळे आत गेले होते. नर्सबाई आज मागे न थांबता तिच्या शेजारीच बसल्या. पर्समध्ये साखर तपासायचं मशीन होतं.

प्रेषितांनी एक कान, दोन पाठी आणि एक सुनेचं बाळंतपण उरकलं. मग त्यांनी डोळे मिटले.

"मला किडनी दिसतेय! उजवी! एक सेवा करणारी बहीण, दुसऱ्यांची दुखणी बघता बघता स्वतःचं दुखणं विसरलेली! उठा, नर्सबाई, उठा!"

नर्सबाई उठल्या. शेजारी ताईने झटकन मान वर केली.

"खडा आहे!" प्रेषित म्हणाले. खड्याचं यादीत काही नव्हतं. तो त्यांनी पदरचा घातला होता. "बोराएवढा! तो आता विरघळतोय! ऊब जाणवतेय ना?"

"कुठे?" नर्सबाईंनी विचारलं.

"उजवीकडे. कमरेच्या वर. तुमच्या किडनीत!"

"नक्की उजवीच ना? पुन्हा एकदा बघून घ्या. माझं काही नाही, मी थांबते."

"वरचं दर्शन चुकत नसतं!"

"मग ती किडनी इथे नाही हे दर्शनात कसं नाही आलं?" नर्सबाई सगळ्यांकडे वळल्या. "इथे कधी सांगितलं नाही, पण बावीस वर्षांपूर्वी मी ती माझ्या धाकट्या भावाला दिली. तो दूरच्या गावी बस चालवतो. खडा विरघळलाच असेल, तर त्याला फोन करून अभिनंदन करा."

सगळ्या माना प्रेषितांकडे वळल्या. पण प्रेषित कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी एक श्वास घेतला आणि दोन्ही हात आकाशाकडे फेकले.

"बघा! बघा! जिथे किडनी नव्हती तिथे नवी किडनी आली! याहून मोठा चमत्कार कुणी पाहिलाय?"

"आमेन!" कुणीतरी ओरडलं. मग दहा जण ओरडले, मग शंभर. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. इतकी साधी गोष्ट, आणि तीही पालथ्या घड्यावर पाणी!

बिचारे पाळकसाहेब घामाघूम झाले होते. वाद झाला की काय करायचं, हे त्यांना एकच ठाऊक होतं. "आपण," ते चाचरत म्हणाले, "म्हणजे, सभासदांचं मत काय? नवी किडनी आली आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

आणि हात वर झाले! मास्तरांनी सवयीने मोजले. एकोणीस.

"विरुद्ध?"

सुतारकाकांनी हात वर केला. आणखी सात-आठ जणांनी भीत भीत केला.

"ठराव मंजूर," मास्तर म्हणाले आणि लिहू लागले.

"लिहू नका!" नर्सबाई ओरडल्या. "अहो, भिंतीला रंग कोणता द्यायचा हे हात वर करून ठरवा. सुपात गाजर घालायचं का, ठरवा. पण माझ्या पोटात किडनी आहे की नाही, यावर मतदान? एकोणीस काय, एकोणीसशे हात वर झाले तरी ती उगवणार नाही! उद्या सकाळी सोनोग्राफीला जाते. ज्यांनी हात वर केलेत त्यांनी यावं, पडद्यावर डोळ्यांनी बघावं."

"तपासणं म्हणजे संशय!" प्रेषित गरजले. "संशय घेतलात तर ती परत जाईल!"

तेव्हा ताई उठली. उठताना तिचा तोल गेला आणि नर्सबाईंनी तिला धरलं.

"मी होते त्या दिवशी," ताई म्हणाली. आवाज बारीक होता, पण पुढच्या रांगेतून सगळीकडे पोचला. "ऑपरेशनच्या खोलीबाहेर नऊ तास बसले होते. एका दाराआड भाऊ, दुसऱ्या दाराआड ही. ती किडनी भावाकडे गेली, त्याला बावीस वर्षं मिळाली. ती कुठे आहे हे मला ठाऊक आहे, आणि तुम्हाला ठाऊक नाही." ती प्रेषितांकडे बघत राहिली. "मग माझ्या साखरेचं तरी तुम्हाला काय ठाऊक असणार? ए, मशीन आणलंयस ना?"

"बहिणी, नको!" प्रेषित पायरी उतरले. "श्रद्धा घालवू नका!"

"साखर गेली असेल तर मशीन तसं सांगेल. तुमचीच शोभा वाढेल. तुम्ही का घाबरता?"

तिने बोट पुढे केलं. नर्सबाईंनी पर्समधून मशीन काढलं. टोचलं, थेंब लावला. पाच सेकंद सगळी माणसं त्या एवढ्याशा मशीनकडे बघत होती. ताईने स्वतःच आकडा मोठ्याने वाचला.

"चारशे सत्तेचाळीस."

नंतर उठला तो मास्तरांचा आवाज, आणि तो फार केविलवाणा होता. ताईला घेऊन निघताना नर्सबाईंनी मागच्या आठवड्याची प्रार्थनायादी त्यांच्यासमोर धरून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं होतं. "डावा नव्हे, उजवा," मास्तर म्हणाले. "काका उजवाच म्हणाले होते. माझ्या हातून डावा लिहिला गेला." मग त्यांनीच सोमवारची यादी काढली आणि एकेक ओळ वाचली. कान, पाठ, पाठ, बाळंतपण, किडनी. प्रेषितांनी क्रमसुद्धा बदलला नव्हता. धोबीणमावशी आपणहून उभी राहिली आणि म्हणाली की तिला चालता येत नव्हतं असं तिला स्वतःलाच रविवारी पहिल्यांदा कळलं. तेव्हा मात्र कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि एकदा हसू फुटल्यावर प्रेषितांची काही धडगत उरली नाही. "इथे अविश्वासाचा आत्मा आहे," असं म्हणत ते बाजूच्या दाराने निघाले. निळे कोटवाले मायक्रोफोनची वायर गुंडाळत त्यांच्यामागे धावले.

नर्सबाईंनी यातलं पुढचं काही पाहिलं नाही. त्या ताईला घेऊन इस्पितळाच्या वाटेला लागल्या होत्या.

*

ताई तीन दिवस सलाईनवर होती. पहिल्या दिवशी पाळकसाहेब आले आणि खाटेशी मान खाली घालून बसले. रविवारच्या सभेनंतर आणखी तिघांनी गोळ्या टाकून दिल्या होत्या, त्यांच्या घरी ते पायी जाऊन आले होते. यादीत आता फक्त नाव असेल, दुखणं नसेल, असं ठरलं. मास्तरांना ते फार जड गेलं.

"प्रार्थना करू नका, असं मी म्हणत नाही," नर्सबाई पाळकांना म्हणाल्या. "मीही करते. पण सुई घेऊन करते. जो सुई टाकायला सांगतो, आणि वर तपासूही देत नाही, त्याला माझं एवढंच विचारणं आहे, की तपासलं तर तुझं काय जातं? खऱ्या डॉक्टरला विचारा, तो म्हणेल, दहादा तपासा. तपासणीला भिणारा माणूस देवाच्या नावाने बोलो की आणखी कुणाच्या, तो आपला नव्हे."

पाळक गेल्यावर ताईने उशी सारखी केली.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली.

"काय?"

"बरी झाले नाही ते. सोमवारी सकाळीच कळलं होतं. तहान, ते पायात गोळे. अठरा वर्षं ओळखते मी या दुखण्याला."

नर्सबाईंना राग आला, इतका की उठून खोलीबाहेर जावंसं वाटलं. मग रडू आलं, आणि त्या बाहेर गेल्या नाहीत. "मग सांगितलं का नाहीस? मेली असतीस की!"

"दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या माझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा. मी कशी सांगणार, की बाबांनो, टाळ्या परत घ्या?"

नर्सबाईंनी तिचा सलाईन नसलेला हात धरला. "पुढच्या वेळी सांग," त्या म्हणाल्या. "टाळ्या चालू असल्या तरी उभी राहा आणि सांग. बाकीच्यांना कळायला तोच एक मार्ग असतो, ताई. ज्याचं दुखतं, त्यानेच तोंड उघडलं पाहिजे."

ताईने मान हलवली. मग तिने बाही वर केली, कारण संध्याकाळच्या सुईची वेळ झाली होती.